धावण्याची जत्रा

गेल्या काही वर्षांत मराठीत जे परके शब्द कायमचे मुक्कामास आले, त्यांत ‘मॅरॅथॉन’ या शब्दाइतकी हेळसांड दुसऱ्या कोणाची झाली नसेल. शाळेच्या मुलांना तीन किलोमीटर पळविले की ती ‘मिनी मॅरॅथॉन’. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवशी टोप्या वाटून शंभर माणसे या चौकातून त्या चौकात चालविली की तीही मॅरॅथॉनच. वस्तुतः हे एका मापाचे नाव आहे. 42 किलोमीटर 195 मीटर हे ते माप. 1908 साली लंडनच्या ऑलिंपिकात ते प्रथम धावले गेले आणि 1921 मध्ये कायमचे मुक्रर झाले. त्याच्या अर्ध्यास अर्ध-मॅरॅथॉन म्हणावे आणि त्याहून जे उणे असेल त्यास सरळ ‘शर्यत’ म्हणावे. शर्यत हा शब्द काही अपमानाचा नव्हे.

शब्दाची ही हेळसांड आम्ही आरंभीच नोंदविली, कारण पुढील सर्व दोषांचे मूळ तीतच आहे. पावसाळा सरला की सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि खाली गोव्यापर्यंतच्या टापूत रविवारी कोठे ना कोठे धावण्याचा मेळा भरतो. आमच्या खानापूर तालुक्यातूनही तरुण मुले, बँकेतले कारकून, शिक्षिका, दुकानदार त्यांत नावे नोंदवितात, छातीवर क्रमांक लावून छायाचित्रे काढतात, आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरतात. धावण्यास आमचा आक्षेप नाही. तो असणार तरी कसा? आक्षेप एवढाच की, या मेळ्यांनी मूळ नमुन्यातील उत्सव तेवढा उचलला आणि व्रत मागे ठेवले. हे ध्यानी येण्यासाठी, जेथे या प्रकाराने आपले पूर्ण रूप धारण केले त्या ठिकाणी वाचकांनी आमच्याबरोबर थोडा वेळ यावे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाची करमणुकीसाठी वसविलेली नगरी आहे. अशा नगरीस तिकडे थीम पार्क म्हणतात. 1994 च्या जानेवारीत तेथे पहिली मॅरॅथॉन झाली. पुढे एका शर्यतीने व्यवस्थापकांचे समाधान होईना. 2006 पासून शनिवारी अर्ध आणि रविवारी पूर्ण मॅरॅथॉन अशी जोडशर्यत सुरू झाली आणि तिला गूफी या चित्रपटातील खुळ्या कुत्र्याचे नाव देण्यात आले. 2014 पासून त्याहूनही पुढचा पल्ला निघाला. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी अर्ध-मॅरॅथॉन आणि रविवारी पूर्ण. चार दिवसांत मिळून सुमारे 78 किलोमीटर. या पल्ल्यास ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या कथेतील डोपी या बावळ्या बुटक्याचे नाव आहे. आपण जे करीत आहोत ते शहाणपणाचे नाही, ही कबुली शर्यतीच्या नावातच देऊन टाकणारा हा मोकळेपणा आम्हांस आवडला.

तिकडची रीत अशी. आरंभ पहाटे पाचच्या सुमारास. म्हणजे उठावयाचे दोन-तीनला. घरी असता काकडआरतीस ज्यांना कधी जाग येत नाही अशीच ही माणसे असावीत! वाटेत रोषणाई, वाद्ये, आणि जागोजागी उंदीर, बदक, राजकन्या अशी सोंगे उभी. धावणारा मध्येच थांबतो, रांग लावतो, सोंगाबरोबर छायाचित्र काढवितो आणि पुन्हा धावू लागतो. अनेक धावकही सोंगे घेऊनच आलेले असतात. शर्यतीच्या शेपटाशी हातात फुगे घेतलेल्या स्त्रिया मैलास सोळा मिनिटे या ठरीव गतीने चालत येतात. जो त्यांच्या मागे पडला त्यास मोटारबसमध्ये बसवून मुक्कामी नेतात. या गतीने पूर्ण मॅरॅथॉनला जवळजवळ सात तास लागतात. शेवटी गळ्यात पदक. चार शर्यतींची चार आणि जोडशर्यतींची आणखी दोन. पदकांचा तो खळखळाट पाहून आपल्याकडील पोतराजाची आठवण व्हावी.

ही जत्राच आहे, आणि तिला जत्रा म्हणण्यात आम्ही काही उणे लेखीत नाही. जत्रेत सोंगे असावयाचीच. देवाच्या ठिकाणी तेथे एक उंदीर बसविला आहे, हे आमच्या वाचकांस खटकेल, आम्हांसही खटकते. परंतु टीकाकाराने नुसत्या रोषणाईकडे पाहून निकाल देऊ नये. या जत्रेस जाण्यापूर्वी तो मनुष्य घरी पाच-सहा महिने काय करतो, तेही पाहावयास हवे.

तेथील सरावाची अधिकृत कोष्टके जेफ गॅलोवे यांनी तयार केली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकात दहा हजार मीटर धावलेले हे गृहस्थ. पण त्यांचे नाव झाले ते चाळिशी उलटलेल्या, अंगाने स्थूल, कधी मैदान न पाहिलेल्या माणसांना लांबचा पल्ला पुरा करावयास शिकविल्यामुळे. त्यांच्या पद्धतीचे मर्म असे की, थकल्यावर चालू नये, थकण्यापूर्वी चालावे. दोन-तीन मिनिटे धावावे, अर्धे-एक मिनिट चालावे, आणि हा क्रम पहिल्या किलोमीटरापासूनच ठेवावा. आठवड्यातून दोन दिवस अर्धा-पाऊण तास पुरे. सुटीच्या दिवशी लांब पल्ला. तो पल्लाही दर आठवड्यास वाढवावयाचा नाही. एकदा वाढविला की पुढले एक-दोन आठवडे थोडक्यावर भागवावयाचे. जोडशर्यतीची तालीम म्हणून काही आठवड्यांत शनिवारी थोडे आणि लगोलग रविवारी पुष्कळ, असे दोन दिवस एकाला एक जोडावयाचे. कारण शिळ्या, जड पायांनी धावणे ही वेगळी विद्या आहे. लांबचा पल्ला मात्र इतक्या मंद गतीने काढावयाचा की शेजारच्याशी धाप न लागता बोलता यावे. कोंकणीत ज्याला ‘सवकास’ म्हणतात तसे.

ही शिकवण आमच्या कानांना नवीन वाटू नये. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे वेळापत्रक हाती घेऊन पाहावे. पुण्यास दोन मुक्काम होतात. मग दिवे घाट चढून पालखी सासवडास जाते. हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरांचा, वाटेतील कठीणांपैकी एक; आणि तो उरकल्यावर सासवडास पुन्हा दोन मुक्काम. जड दिवसाच्या अलीकडे विश्रांती आणि पलीकडेही विश्रांती. वाटेतील विसावे ठरलेल्या ठिकाणी होतात. कोणाचे पाय दुखले म्हणून होत नाहीत, आणि नेमके म्हणूनच पुष्कळांचे पाय कमी दुखतात. धावणेही वारीत आहे. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते, पुढे गोल रिंगणे होतात. आणि वेळापुराजवळ, तुकोबांना पंढरीचे शिखर दिसले व ते तेथून धावत सुटले या आठवणीसाठी, वारकरी ‘धावा’ करतात. हे धावणे पहिल्या दिवशी नाही. दोन आठवडे पायांना वाट मुरविल्यानंतर आहे. वारी व्यायामासाठी नाही, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. परंतु देहाचे धर्म वारकऱ्यास आणि फ्लॉरिडाच्या धावकास सारखेच लागू आहेत. ज्यांनी ही मुक्कामांची मांडणी बसविली त्यांना देहाची पारख होती, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

मग आमचे अनुकरण कोठे चुकते? छापील कोष्टक जसेच्या तसे खानापुरात आणून लावले तर काय होते ते पाहू.

जानेवारीची शर्यत धरली तर सरावाचा पाया जुलै-ऑगस्टात घालावा लागतो. त्या दिवसांत तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटीच्या पलीकडे, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा जेथे उगम पावते त्या कणकुंबीपर्यंत, पाऊस म्हणजे नुसती संततधार. बूट वाळत नाहीत; ओल्या बुटांत लांब पल्ला म्हणजे टाचेला फोड ठरलेला. दोन जोड असल्यावाचून हे जमत नाही, आणि बुटांचे दोन जोड ही या भागात लहान गोष्ट नव्हे. शिवाय तेच दिवस भाताच्या लावणीचे. दिवसभर चिखलात कंबर वाकवून रोप लावणाऱ्या स्त्रीस ‘आज पाऊण तास मंद धाव’ असे सांगणारे कोष्टक तिची थट्टाच करते. तिच्या त्या दिवसाची गणना सरावात व्हावयास हवी. लावणीच्या आठवड्यांत धाव कमी करून फक्त सुटीचा पल्ला राखावा. सुगीस, कापणी-मळणीच्या दिवसांत, पुन्हा तेच करावे.

उपवासांचा विचार तर या कोष्टकांत मुळीच नाही, आणि तो असणार तरी कसा? कोष्टक सांगते की रविवारी लांब पल्ला काढा. आमच्या घरांत श्रावणी सोमवार दुसऱ्याच दिवशी उभा. लांब पल्ल्यानंतरच्या दिवशी शरीर अन्न मागत असते. झिजलेले स्नायू भरून निघावयाचे असतात. आणि नेमका त्या दिवशी एकभुक्त. यात श्रद्धेचाही दोष नाही आणि धावण्याचाही. श्रावणापुरता लांब पल्ला शुक्रवारी किंवा शनिवारी पहाटे घ्यावा आणि रविवारी पोटभर भाकरी, उसळ, भात खावा, म्हणजे झाले. नवरात्राचे नऊ दिवस ज्याला उपवास असेल त्याने त्या दिवसांत पल्ला वाढवू नये; हलके चालणे पुरे. निर्जळी एकादशी करणाऱ्याने त्या दिवशी धावूच नये. मधुमेही मनुष्याने तर या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. इतके साधे बदल कोणी छापून हाती दिले असते, तर ते पदकाहून अधिक कामाचे झाले असते.

पाण्याविषयीही एक गैरसमज फार पसरला आहे. जितके अधिक पाणी तितके चांगले, असे समजून लोक प्रत्येक थांब्यावर पेले रिचवितात. तीन-चार तास सावकाश धावणारा मनुष्य नुसतेच पाणी घटाघटा पीत राहिला तर रक्तातील मीठ उतरते. त्यास ग्लानी येते, आणि प्रसंगी जिवावर बेतते. तहान लागेल तेवढे प्यावे, आणि ते मीठ-साखर-लिंबाचे असावे. आमच्या आज्या उन्हातून आलेल्या माणसास हेच देत.

रस्त्यांचे सांगावयास नको. बेळगावहून खानापुरावरून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पहाटे अवजड वाहनांची रीघ असते, तेथे सराव करणे हे धाडस नसून अविचार आहे. आतल्या रस्त्यांवर कुत्री आहेत, अंधार आहे. पुरुष हातात काठी घेऊन निघतो. स्त्रीने पहाटे साडेचारला एकटीने निघावे असे कोणते कोष्टक सांगू शकेल? आमच्या माहितीच्या काही जणींनी यावर तोड काढली आहे. त्या चौघी-पाचजणी मिळून, उजाडल्यावर, देवळाभोवतालच्या मोकळ्या वाटेवर फेऱ्या घालतात. फेऱ्या मोजावयाचे काम कंटाळवाणे खरे. परंतु प्रदक्षिणेची सवय असलेल्यांस ते जड जात नसावे.

आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्यांच्याकडे वळू. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, आणि खानापूर-बेळगावच्या खेड्यांतील मुलांना धावणे म्हणजे छंद नव्हे, भाकरी आहे. सैन्यभरतीसाठी सोळाशे मीटर ठरीव वेळात काढावे लागतात. त्यासाठी ही मुले महिनोन् महिने पहाटे मैदानावर असतात. त्यांच्याइतकी शिस्त या टापूत क्वचितच कोणात असेल. परंतु सोळाशे मीटरांची ताकद आणि एकवीस किलोमीटरांची ताकद या दोन भिन्न गोष्टी आहेत. मेळ्याचे फलक लागतात, रोख बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो, आणि मुलगा विचार करतो की, मी तर रोजच धावतो. भरतीच्या तोंडावर तो डांबरी रस्त्यावर पहिल्याच फटक्यात एकवीस किलोमीटर जीव तोडून धावतो. नडगीच्या हाडास सूक्ष्म चीर गेली तर ती सांधावयास दोन-दोन महिने लागतात. भरतीचा दिवस तितके थांबत नाही, आणि वयाची अटही थांबत नाही. एका पदकापायी असे गेलेले वर्ष त्या घरास किती महाग पडते, याचा हिशेब मेळ्याच्या जमाखर्चात कोठे मांडलेला नसतो. संयोजकांनी नाव नोंदवितानाच विचारावे की, गेल्या तीन महिन्यांत सर्वांत लांब पल्ला किती धावलास? उत्तर पाच किलोमीटर असेल तर त्यास दहाच्या शर्यतीत उतरवावे. फ्लॉरिडातही मोठ्या शर्यतीत वेगवानांच्या तुकडीत पुढे उभे राहावयाचे तर पूर्वीच्या शर्यतीचा दाखला द्यावा लागतो.

बेळगावच्या मातीस हे माप नवीन नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 1919 साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर ज्या शर्यती झाल्या त्या सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांनी काढलेल्या वेळा युरोपच्या वेळांच्या जवळपास होत्या, याचे त्यांना नवल वाटले. आणि त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकासाठी पथक निघाले. त्या वेळच्या तयारीची एक हकीकत सांगतात. शंभर मीटर धावण्यास ऑलिंपिकात किती वेळ चालतो, असे विचारता निवडसभेतील एका जाणत्या गृहस्थांनी ‘एक-दोन मिनिटे’ असे उत्तर दिले! पायांत बळ होते. माप ठाऊक नव्हते. त्या पथकात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरॅथॉन नेहमीच्या मापाहून लांब, 42 किलोमीटर 750 मीटर होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत पहिला आला. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत एकोणिसावे आले. किलोमीटरास चार मिनिटांहून किंचित कमी. अशा गतीने ते बेळगावहून निघाले असते तर पावणेदोन तासांच्या आत खानापुरात उभे असते. ऑलिंपिक मॅरॅथॉन पुरी करणारे ते पहिले भारतीय. या नावाची आठवण आमच्या मेळ्यांच्या फलकांवर आम्हांस तरी दिसली नाही. फलकांवर प्रायोजक आणि प्रमुख पाहुणे यांचीच गर्दी असते.

प्रमुख पाहुण्यांवरून आठवले. या टापूतील एका मेळ्यात आम्ही पाहिले ते असे. सहाची वेळ दिलेली. माणसे साडेपाचलाच उभी. पाहुणे आले साडेसातास. मग दीपप्रज्वलन, सत्कार, तीन भाषणे. शर्यत सुटली तेव्हा ऊन चांगले चढले होते, आणि शेवटचे धावक परतले तेव्हा पाण्याच्या थांब्यांवरील मंडळी भांडी आवरून गेली होती. ध्वनिक्षेपकावर मात्र गाणी चालू होती. उत्सव उचलला आणि व्रत मागे ठेवले, असे वर म्हटले ते या अर्थाने. दूरच्या शर्यतीत सेकंदाचा हिशेब असतो. आमच्याकडे दीड तास ही दिरंगाईच ठरत नाही.

सर्वच ठिकाणी असे आहे असे नव्हे. 2004 पासूनच्या मुंबई मॅरॅथॉनमध्ये सहा किलोमीटरांच्या आसपासची ‘ड्रीम रन’ वेगळी काढलेली आहे. नाना सोंगे, फलक, धर्मादाय संस्थांची प्रचारफेरी, सर्व त्यात. गंभीर शर्यत वेगळ्या वेळी धावते. सोंगास सोंगाची जागा आणि शर्यतीस शर्यतीची, ही वाटणी आम्हांस पूर्ण मान्य आहे. 2012 साली सुरू झालेली साताऱ्याची डोंगरी अर्ध-मॅरॅथॉन यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जाते आणि त्याच वाटेने परत उतरते. तेथे रोषणाई घाटच करतो. चढाच्या सरावावाचून तेथे कोणी गेला तर घाट त्याला भाषणावाचूनच समजावतो. फ्लॉरिडाच्या नगरीतील किल्ला मुद्दाम बांधलेला आहे. साताऱ्यास अजिंक्यतारा आपसूक मागे उभा असतो.

आमच्या तालुक्यात अशी शर्यत व्हावी, असे काही तरुण बोलत असतात, आणि व्हावीही. खानापूरहून नंदगडच्या बाजूस जाऊन परतले तर एवढ्यात अर्ध-मॅरॅथॉनचे अंतर सहज बसावे. ते मोजून नेमके करून घ्यावे. संगोळ्ळी रायण्णास 1831 मध्ये जेथे फाशी दिले ते हे गाव. तेथे थांब्यावर क्षणभर थांबणाऱ्यास कोणी अडवू नये. काहींच्या मनात शर्यत पुढे हलशीपर्यंत नेऊन भूवराह-नृसिंहाच्या देवळापुढे संपवावी, असे आहे. येथे आमचा विरोध नोंदवून ठेवतो. गोव्याच्या कदंबांच्या काळातील ते देऊळ. समोरासमोर दोन गाभारे, एकात नृसिंह, एकात वराह. त्यांच्या मध्ये ध्वनिक्षेपकांची भिंत उभारून पदके वाटावयाची काही गरज नाही. ज्यास दर्शन घ्यावयाचे तो शर्यतीनंतर, अंघोळ करून, स्वतंत्र जाईल.

राहिली शेवटच्या धावकाची गोष्ट. फ्लॉरिडात फुगेवाल्या स्त्रियांमागे पडलेल्यास बस गोळा करते. रस्ते वेळेवर मोकळे करावयाचे असतात, तेव्हा त्यांची अडचण खरी आहे. नंदगडचा रस्ता रविवारी सकाळी इतका घाईचा नाही. दिंडीत मागे राहिलेल्या म्हाताऱ्याबरोबर कोणीतरी चालत असतेच. तसा एक स्वयंसेवक, सायकलवर, पाण्याचा कॅन आणि मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन, शेवटच्या माणसामागे असावा. तो माणूस खानापुरात पोहोचेपर्यंत शेवटच्या थांब्यावरील घागर रिकामी करू नये, आणि मांडवही उतरवू नये.